सूर्यास्तानंतरची गोळी

भाद्रपद वद्य १३, सोमवार

ही वही डॉक्टरबेनच्या हुकमाने सुरू होते आहे. दिवसभरात पाणी किती प्यायले आणि किती वेळा आत जाऊन आले, तेवढंच लिहायचं असं त्यांनी बजावलं आहे. आता एवढी जाडजूड कोरी वही आणि तिच्यात नुसतं 'एक पेला, एकदा' असं लिहीत बसायचं? मला ते पटेना. तेव्हा मागच्या बाजूने डॉक्टरबेनना हवं ते लिहीन आणि पुढच्या बाजूने मला हवं ते.

मी जसुमती सुतरिया, वय सहासष्ट, राहणार पालडी, अहमदाबाद. मुलगा पराग, सून हेतल. होळीपासून मला 'ती' तक्रार चौथ्यांदा झाली आहे. जळजळ होते, सारखं जावंसं वाटतं, आणि गेलं की येतं थेंबभर. चारचौघांत आपण 'ती तक्रार' एवढंच म्हणावं. पण हेतलला कुठली पोच? रिक्षात बसल्याबसल्या परागला फोनवर म्हणाली, "मम्मींना परत यूरिन इन्फेक्शन झालंय." रिक्षावाला आरशातून माझ्याकडे बघायला लागला. मी पदर पुढे ओढून घेतला.

डॉक्टरबेनचं आडनाव बूच. या तक्रारीच्या डॉक्टरला हे आडनाव मिळावं, यात देवाचाच काहीतरी खोडसाळपणा असणार. मला हसू आलं तशा त्या म्हणाल्या, "हसून घ्या, सगळ्याच हसतात. आता सांगा, पाणी किती पिता?"

"पिते की."

"सूर्यास्तानंतर?"

"चौविहार आहे माझा," मी जरा ताठ बसून सांगितलं. सूर्य बुडाला की अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही, थेट दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर. डॉक्टरबेन स्वतः नागर ब्राह्मण, पण आयुष्य पालडीतल्या आम्हा जैनांत दवाखाना चालवण्यात गेलेलं. त्यांनी नुसता उसासा टाकला.

"आणि मला कार्तिकी पुनवेला पालीताण्याचा डोंगर चढायचाय," मी घाईघाईने सांगून टाकलं.

"वर जाऊन यायला अर्धा दिवस. पवित्र डोंगर, त्यावर लघवी करायची नाही. बरोबर?"

"बरोबर."

"आणि तुम्हाला सध्या अर्धा तास निघत नाही. तेही बरोबर?"

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"मग ऐका. पुनवेच्या आधी तपासणी स्वच्छ आली तर चढायचं. नाही आली तर खालूनच नमस्कार."

खालूनच नमस्कार! आयुष्यभर तेच तर केलं. पहिल्यांदा पालीताण्याला गेले तेव्हा पराग पोटात होता, सासूबाई म्हणाल्या तू खाली बस. दुसऱ्यांदा सासूबाईंचंच हाड मोडलेलं, त्यांच्याजवळ कोण बसणार? तिसऱ्यांदा यांचं हृदय. हे गेले त्यालाही आता चार वर्षं होतील. पावसाळ्याचे चार महिने बंद असलेला डोंगर कार्तिकी पुनवेला उघडतो, लाख माणूस चढतं, आणि वर आदिनाथ दादा बसलेत ते मी अजून फक्त फोटोत पाहिलेत. मला जायचंय. पायी जायचंय. बाकी काही मागणं नाही.

भाद्रपद वद्य १४, मंगळवार

गोळ्या दिवसातून चार वेळा. सकाळी, दुपारी, दिवेलागणीनंतर आणि झोपताना. म्हणजे दोन उजेडाच्या आणि दोन अंधाराच्या. मी तिथेच काही बोलले असते, पण हेतलने "हो, मी लक्ष ठेवीन" म्हणून टाकलं. या घरात मला विचारायची पद्धत नाही.

मग मी डोकं लढवलं. चार म्हणजे चार. सकाळी एक, दुपारी एक आणि सूर्यास्ताच्या आधी दोन एकदम. पोटात गेल्यावर गोळीला काय कळतंय बाहेर दिवस आहे की रात्र? आठ वाजता हेतलने दारातून विचारलं, "मम्मी, घेतली?" मी म्हटलं, "घेतली." यात खोटं काय आहे? कधी घेतली ते तिने विचारलं नाही.

ती पाण्याचा तांब्याही ठेवून जाते. तो मी गॅलरीतल्या मोगऱ्याला घालते.

आश्विन शुद्ध २, शुक्रवार

जळजळ थांबली! गोळ्या बंद केल्या. पोटात नुसती आग पडायची त्यांनी. शिवाय विचार केला, या गोळ्या शेवटी जीवच मारतात ना? सूक्ष्म असले म्हणून काय झालं? ज्यांनी मला त्रास दिला ते गेले. उरलेले बिचारे गुपचूप बसले असतील तर त्यांना कशाला हात लावा? आम्ही कंदमुळं खात नाही ती याचसाठी. एवढा सूक्ष्म विचार पालडीत आणखी कुणी केला असेल असं वाटत नाही.

दुपारी प्रभाभाभी आल्या. माझ्या थोरल्या जाऊबाई, समोरच्याच इमारतीत राहतात. वय चौऱ्याहत्तर, चौविहार चाळीस वर्षं अखंड, पालीताणा कितीदा चढल्या ते त्या स्वतःच सांगतात, आपल्याला मोजावं लागत नाही. माझा चौविहार यांच्या आजारपणात सुटला होता, तेही त्याच सांगतात.

आज मात्र सूर वेगळा होता. म्हणाल्या, "जसु, तुला ते जळतं ते सुरुवातीला जळतं की शेवटी गं?"

मी चाटच पडले. "का हो भाभी?"

"अगं माझी कमळा. भांडीवाली. तिला होतंय म्हणे. गरीब बाई, कुठे डॉक्टर करणार? तुझ्या गोळ्या उरल्यात का?"

उरल्या होत्या, अर्ध्याहून जास्त. औषध वाया घालवणं हेही पापच. मी सगळ्या दिल्या. भाभींनी त्या चटकन बटव्यात टाकल्या. "कुणाला बोलू नकोस हं. कमळेला लाज वाटते." मोलकरणीच्या लाजेची एवढी काळजी! माणूस कसाही असो, गुण दिसला की म्हणावं.

जाता जाता त्यांची नजर फळीवरच्या मलमाच्या नळीवर गेली. डॉक्टरबेननी दिलंय, उतारवयात तिथली कातडी सुकते म्हणून लावायला. "हे कशाचं?" भाभींनी विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "गुडघ्याचं."

"मग मला दे ना थोडं."

आता काय बोलणार? दिलं काढून डबीत.

आश्विन शुद्ध ८, शुक्रवार

भाभींचे गुडघे मलमाने 'लोण्यासारखे' झालेत म्हणे. आणखी मागितलं.

त्यांची ओळी चालू आहे, म्हणजे दिवसातून एकदाच बसून बिनतेलाचं, बिनमिठाचं जेवण. तरी रोज उपाश्रयात व्याख्यानाला येतात. मात्र हल्ली पुढे महाराजसाहेबांसमोर न बसता अगदी दाराशी बसतात आणि मधेच दोन-तीनदा उठून घरी जाऊन येतात. "गॅस बंद केला का बघते," म्हणतात. ओळीत कसला आलाय गॅस? मला वाटतं, येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकीला दिसावं की भाभींची ओळी चालू आहे, म्हणून दाराशी.

हेतलने कापडी बूट आणलेत आणि पहाटे चालायला जाते. नदीकाठापर्यंत जाऊन परत, आणि परवापासून इमारतीचे जिनेही चढते-उतरते. वजन उतरवायचं खूळ असणार. नवरात्र चालू आहे, सगळं शहर गरबा खेळतंय आणि ही जिने चढतेय.

मोगरा वेड्यासारखा फुललाय. हेतल म्हणाली, "मम्मी, रात्री कुणी पाणी घालतं की काय याला?" मी म्हटलं, दव पडत असेल.

आश्विन वद्य ५, सोमवार

परत. आणि या वेळी थंडी वाजून ताप. चार पांघरुणं घेतली तरी दात वाजत होते. हेतलने रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवल्या आणि एक शब्द बोलली नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

आश्विन वद्य ७, बुधवार

आज तपासणीचा कागद आला. डॉक्टरबेननी तो वाचला, चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"जसुबेन, खरं सांगा. गोळ्या कशा घेतल्यात?"

खरं सांगितलं. संध्याकाळच्या दोन एकदम, आणि जळजळ थांबल्यावर बंद. जीवदयेचंही सांगितलं. हेतल भिंतीवरच्या मूत्रपिंडाच्या चित्राकडे बघत होती.

"गोळी म्हणजे काय डबा आहे, सूर्यास्ताआधी भरून ठेवायला?" डॉक्टरबेन कडाडल्या. "ती काही तासच काम करते, म्हणून चार वेळा. तुम्ही रोज रात्रभर जंतूंना मोकळं रान दिलंत. वर पाणीही नाही, म्हणजे धुऊन जायचीही भीती नाही. आणि अर्धमेले झाल्यावर औषध बंद! जे वाचले ते मार खाऊन खाऊन पैलवान झालेत. या कागदावर औषधांची रांग आहे, बघा. यातली बहुतेक आता त्यांना लागू पडत नाहीत."

"मग?"

"तोंडाने घ्यायची एकच गोळी उरलीय. हीपण तशीच घेतलीत तर थेट इस्पितळ आणि शिरेतून सुया. मूत्रपिंडापर्यंत गेलं तर डोंगर सोडा, घरचा जिना चढता येणार नाही. ही गोळी चार वेळा, दिवेलागणीनंतरचीसुद्धा, आणि झोपेपर्यंत पाणी. आणि शेवटची गोळी संपेपर्यंत. बरं वाटलं तरी."

"आणि उरल्या तर..."

"उरायच्याच नाहीत! कुणाला द्यायच्या नाहीत. दिल्यात का कुणाला?"

मी म्हटलं, छे छे. कमळेचं नाव कशाला मधे आणा?

पण आता करू काय? गोळी घेतली तर चौविहार मोडतो आणि नाही घेतली तर डोंगर जातो. नेम मोडून दादांसमोर उभी राहू तरी कोणत्या तोंडाने? दुपारपासून डोकं भणभणतंय.

आश्विन वद्य ८, गुरुवार

आज एक चमत्कार झाला. हेतल आपणहून म्हणाली, चला मम्मी, महाराजसाहेबांना वंदन करून येऊ. एरवी वर्षातून दोनदा उपाश्रयात जाणारी ही! महाराजसाहेब, म्हणजे आमच्या साध्वी विरतिगुणाश्रीजी, एकट्याच पोथी वाचत बसल्या होत्या. मी वंदन करून बसते न बसते तोच त्या म्हणाल्या, "जसुबेन, प्रकृती बरी नाही. रात्रीच्या औषधाची अडचण आहे ना?"

माझ्या अंगावर काटा आला. मी अक्षर बोलले नव्हते! केवढं हे ज्ञान! हेतलला खूण केली, तर ती छताकडे बघत होती.

मी म्हटलं, "साहेबजी, या गोळ्यांनी जीव मरतात. म्हणून मागच्या वेळी मी दयेने अर्ध्यावर सोडल्या."

त्या हसल्या. "दयेने? मग जे वाचले ते वाढले. आता पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त मारावे लागणार. ते कुणाच्या खाती लावायचे?"

असा कोणी विचार केला होता?

"संसारी माणसाला शरीर सांभाळायची मोकळीक आहे," त्या म्हणाल्या. "तूर्त चौविहार बाजूला ठेवून दुविहार करा. त्यात रात्री पाणी आणि औषध चालतं. बऱ्या झालात की परत चौविहार."

"पण साहेबजी, लोक काय म्हणतील? भाभी काय म्हणतील?"

"नेम भाभींना दाखवायला घेतला होता का?"

महाराजसाहेबांशी वाद घालायचा नसतो ही एक सोय असते.

दिवेलागणीनंतर पहिली गोळी घेतली. वर पेलाभर पाणी प्यायले. हे गेल्यापासून सूर्यास्तानंतरचं पाणी प्यायले नव्हते. खरं लिहू? गोड लागलं.

आश्विन वद्य १०, शनिवार

संध्याकाळी दिवे लागले, मी गोळी तोंडात टाकली, तांब्याला हात घातला आणि दारात भाभी! माझा दुविहार इमारतीत कुणाला कळू द्यायचा नाही, झाकली मूठ सव्वा लाखाची, असं ठरवलं होतं. गोळी गालात सरकवली आणि बसले.

भाभी बोलत राहिल्या. पालीताण्याला कोणती धर्मशाळा, पहाटे किती वाजता निघायचं, कुणाच्या सुनेने दिवाळीला काय घेतलं. मी नुसती "हं, हं" करत होते. गोळी विरघळत गेली. कडू म्हणजे किती कडू! डोळ्यांत पाणी आलं. भाभी म्हणाल्या, "अगं, भावजींची आठवण आली का?" मी मान हलवली. तोंड उघडायची सोय नव्हती.

हेतल स्वयंपाकघराच्या दारात ओढणीचा बोळा तोंडात कोंबून उभी होती.

भाभींचं लक्ष मात्र सारखं तांब्याकडे जात होतं. ओठांवरून जीभ फिरवत होत्या. मी मनात म्हटलं, आली शंका हिला! चोराच्या मनात चांदणं. शेवटी त्या उठल्या, पण जिन्याकडे न जाता म्हणाल्या, "तुझ्या बाथरूममध्ये जाऊन येऊ का गं?" आणि समोरच्याच इमारतीत तर घर! माझ्या बाथरूममध्ये औषधं ठेवते का ते बघायचं असणार. पण मी कच्च्या गुरूची चेली नाही. गोळ्या पूजेच्या पेटीत आहेत.

कार्तिक शुद्ध १, शनिवार

साल मुबारक! नवं वर्ष आणि माझ्या गोळ्या पूर्ण संपल्या. शेवटची घेतली तेव्हा जळजळ थांबून पुष्कळ दिवस झाले होते, तरी घेतली. पाकीट रिकामं करून हेतलच्या हातात ठेवलं. तिने ते उलटसुलट करून पाहिलं आणि माझ्या पाया पडली. पाडव्याचा नमस्कार असणार, पण जरा जास्तच वेळ पडली.

भाभी सालमुबारक करायला आल्या. चेहरा उतरलेला, डोळ्यांखाली काळं. म्हणाल्या, ओळी अंगावर आली. मग हळूच, "जसु, कमळेला परत झालंय. गोळ्या आहेत का अजून?"

"नाही हो भाभी, या वेळी एक उरली नाही."

त्यांचं तोंड एवढंसं झालं. एका भांडीवालीसाठी इतकं वाईट वाटावं! त्या गेल्यावर आठवलं, कमळा तर दिवाळीच्या आधीपासून दाहोदला गावी गेलेली आहे. म्हणजे भाभी तिला तिकडे औषध पाठवणार होत्या! मला माझीच लाज वाटली. इतकी वर्षं मी त्यांना ढोंगी समजत होते.

कार्तिक शुद्ध ७, शुक्रवार

स्वच्छ! तपासणीचा कागद स्वच्छ! डॉक्टरबेननी स्वतः उठून पेढा दिला. चढताना वाटेतल्या प्रत्येक परबेवर, म्हणजे पाणपोईवर, उकळलेलं पाणी प्यायचं, चढायच्या आधी जाऊन यायचं, आणि वाटेत काही वाटलं तर हट्ट न करता डोलीत बसून खाली. मी सगळ्याला हो म्हटलं. या वेळी मनापासून म्हटलं.

कार्तिक शुद्ध १४, गुरुवार, पालीताणा

धर्मशाळा गच्च. एका खोलीत मी, हेतल आणि भाभी. पराग सोडून परत गेला. लहान मुलीसारखी मी सारखी खिडकीतून डोंगर बघून येतेय. उद्या.

कार्तिक पौर्णिमा, शुक्रवार

सगळं नीट लिहिते.

पहाटे पायथ्याशी वंदन केलं आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला तेव्हा मला हुंदकाच आला. माणसांची नुसती रीघ. हेतल माझ्या डाव्या हाताला, कापडी बूट घालून, एकदाही धाप न लागता. मी परबेवर पाणी प्यायले. भाभी म्हणाल्या, मला नको, तहान नाही. पुढच्या परबेवर तेच. त्या पुढे पुढे चालत होत्या, ताठ, आणि ओळखीचं कुणी भेटलं की सांगत होत्या, "जसुला घेऊन आलेय या वेळी. म्हटलं, एकदा तरी होऊ दे बिचारीचं."

हिंगलाज मातेच्या देवळाआधीचा उभा चढ लागला. तिथे भाभी थांबल्या. कठड्याला टेकल्या. पाय एकमेकांत घट्ट, मुठी आवळलेल्या, कपाळावर घाम. तो चेहरा मी कुठेतरी पाहिला होता. कुठे काय, होळीपासून रोज आरशात पाहत होते!

आणि मग सगळंच कळलं. सुरुवातीला जळतं की शेवटी. दाराशी बसणं. गॅस. माझं बाथरूम. दाहोदला गेलेली कमळा. काखेत कळसा आणि मी गावाला वळसा घालत बसले होते.

जवळ जाऊन हळूच विचारलं, "भाभी, कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"कमळेचं."

भाभी मान खाली घालून म्हणाल्या, "पर्युषणापासून. तुझ्या गोळ्यांनी चार दिवस बरं वाटलं. मग पहिल्यापेक्षा वाईट."

माझ्या गोळ्या! ज्या मी दयेने अर्ध्या सोडल्या, दयेनेच दिल्या. हात धरला तर तापलेला तवा. अंगात ताप घेऊन बाई इथवर चढली होती.

"डोलीत बसा आणि खाली चला."

"वेडी आहेस का? सगळा संघ बघतोय. चाळीस वर्षं पायी चढलेय मी. वर पोचेपर्यंत धरेन."

"आणि उतरेपर्यंत?"

त्यांनी कठडा आणखी घट्ट धरला. डोंगरावर काही झालं असतं तर ही बाई परत माणसांत आली नसती, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी वर पाहिलं. वरून 'जय आदिनाथ'चा घोष ऐकू येत होता. माझे पाय ठणठणीत होते, तपासणी स्वच्छ होती, मला काही म्हणजे काही होत नव्हतं.

मी पायरीवर फतकल मारून बसले आणि मोठ्याने ओरडले, "अगं बाई गं! चक्कर आली! भाभी, मला एकटीला सोडू नका हो! खाली पोचवा मला!"

बायका जमल्या. कुणी वारा घालतंय, कुणी पाणी देतंय. हेतलने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा भाभींकडे, आणि तिथल्या तिथे दोन डोल्या बोलावल्या. भाभी क्षणभर गोंधळल्या. मग त्यांचा आवाज परत आला. जमलेल्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "बघा! म्हटलं नव्हतं हिच्यात दम नाही म्हणून? आता माझी यात्रा सोडून हिला पोचवणं आलं!"

आणि डोलीत चढून बसल्या, फार घाईने.

डोलीत मी रडले. खोटं कशाला लिहू? डोंगर वर वर जात होता आणि मी खाली. चार पावलं टाकायला शिकलेल्या पोराला कडेवर उचलून घरी नेतात तसं मला नेत होते. पुढच्या डोलीतून भाभी ओरडत होत्या, "अरे जरा लवकर चला रे! जसुला बरं नाहीये!"

पायथ्याला पोचताच त्या ज्या आत गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आल्या त्या भिंत धरून. मी खांदा पुढे केला. त्यांनी त्यावर हात ठेवला.

मागून हेतल पायीच उतरून आली. मी म्हटलं, "अगं, तू तरी जायचंस वर."

"मी कुठे माझ्यासाठी चढत होते, मम्मी?"

तिचे कापडी बूट टाचेला पार झिजलेत. मी म्हटलं, "एवढी चाललीस, पण वजन काही उतरलं नाही तुझं." त्यावर ती इतकी हसली, इतकी हसली की शेवटी डोळे पुसायला लागली. काय झालं ते कळलं नाही, पण मलाही हसू आलं.

कार्तिक वद्य १, शनिवार, पालीताणा

भाभींचा ताप कालच्यापेक्षा कमी आहे. इथल्या डॉक्टरांनी तपासणीसाठी लघवी घेतली, सुई टोचली, बूचबेनशी फोनवर बोलले आणि गोळ्या लिहून दिल्या. चार वेळा. बूचबेननी फोन माझ्याकडे मागून घेतला आणि जे काही म्हणाल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही. सगळं खरं होतं.

हेतल म्हणाली, मम्मी, मी भाभींजवळ बसते, तुम्ही उद्या चढून या. डोंगर आता आठ महिने उघडाच आहे. मी म्हटलं, भाभींच्या गोळ्या संपू देत, मग तिघी चढू. काल तर वाटलं होतं की यानंतर काही नाही. भाभींनी भिंतीकडे तोंड करून ऐकलं.

सकाळची गोळी त्यांनी घेतली. दुपारची घेतली. मग सूर्य डोंगराआड गेला, धर्मशाळेच्या आवारात दिवे लागले, आणि मी तळहातावर गोळी, दुसऱ्या हातात पाण्याचा पेला घेऊन उभी राहिले. महाराजसाहेबांनी दुविहाराचं सांगितलेलं सगळं त्यांना दोनदा सांगून झालं होतं.

"उद्या सकाळी दोन घेईन," भाभी म्हणाल्या.

"डबा नाही तो."

"जसु, चाळीस वर्षं झाली गं."

"माहीत आहे भाभी."

"नेम मोडला तर पाप कुणाला?"

मी पलंगावर त्यांच्याजवळ बसले. म्हटलं, "अर्धं तुम्हाला, अर्धं मला. पण गोळी मात्र अख्खी. तोंड उघडा."

भाभींनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी हुकूम सोडला नव्हता, आणि त्यांनी माझं कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी डोळे मिटले आणि तोंड उघडलं. गोळी गेली, वर पेलाभर पाणीही गेलं.

मी उठणार तेवढ्यात त्यांनी पेला परत पुढे केला.

"आणखी दे."